अकरा महिन्यांची गिरणी

मित्रांनो, मी एक जुनी पिठाची गिरणी आहे. कर्वेनगरमधल्या एका तीन मजली सोसायटीच्या खालच्या गाळ्यात मी उभी असे. मी सुरू झाले की माझ्याजवळच्या माणसाला शेजाऱ्याशीही ओरडून बोलावं लागे. खरं तर माझी गोष्ट मी जन्मापासून सांगायला हवी. पण मी एका बुधवारपासून सुरुवात करते, कारण तो आमचा शेवटचा साधा दिवस होता.

बुधवारी माझ्यापुढे डब्यांची रांग लागे. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाई, म्हणून मी त्या दिवशी बंद असे. त्या बुधवारीही रांग होती. माझे मालक रंगनाथ इंगोले नेहमीसारखे भुवयांपर्यंत पिठात न्हाले होते. मी त्यांना मालक म्हणते, कारण त्यांनी मला विकत घेतलं होतं. गाळा मात्र त्यांचा नव्हता. तो वरच्या मजल्यावरच्या श्यामसुंदर काकांचा होता.

"जरा पटकन करा हो, घाई आहे," एक बाई म्हणाल्या.

मालकांनी पिठाचं बोट भिंतीवरच्या पाटीकडे केलं. पाटीवर लिहिलं होतं : 'गिरणीला पाय नाहीत. ती पळत नाही.' ती पाटी श्यामसुंदर काकांनी लिहून दिली होती. मालक वाशीम जिल्ह्यातले. असं तिरकं पुणेरी बोलणं त्यांना जमत नसे, म्हणून ते पाटी दाखवत.

दुपारी स्वतः श्यामसुंदर काका खाली आले. हाती डबा नव्हता. ते माझ्यासमोर उभे राहून मोठ्यानं बोलू लागले.

"रंगनाथराव, रीडेव्हलपमेंटच्या सह्या झाल्या. दिवाळीनंतर सगळं खाली करायचंय. नव्या बिल्डिंगमध्ये मला गाळा मिळणार आहे, आणि तो तुम्हाला देईन असं मी म्हणालो होतो. म्हणालो होतो, हे मी नाकारत नाही."

"पण?" मालकांनी विचारलं.

"पण एक केकवाला मागे लागलाय. आणि आमच्या चिरंजीवांना केक फार आवडायला लागलेत."

मालक हसले. डब्याखालचं पीठ हातानं सारखं करत म्हणाले, "काकाजी, तुमी काऊन अवघडता? मले आता गाळाच नको. पोरगी पर्मनंट हाये माही, हिंजवडीले. मी अजून किती वर्सं पीठ उडवू?"

त्याच वेळी माझ्या पाठीमागे, भिंत आणि पट्टा यांच्यामधल्या बोळात, त्यांची मुलगी तनुजा फोन कानाला लावून उभी होती. ती घरून काम करत असली की ऑफिसचे फोन तिथेच घेई. माझ्या आवाजात तिचं बोलणं पुढे कुणाला ऐकू येत नसे.

"म्हणजे या वेळी रिन्यू नाही होणार," ती म्हणत होती. "नाही, कळलं मला. शेवटचा दिवस कुठला धरायचा? ओके. थँक यू."

मित्रांनो, त्या दोघांच्या मध्ये मी होते. माझ्या पुढच्या बाजूला बापानं आपली जागा सोडली, कारण मुलीची नोकरी पक्की होती. माझ्या मागच्या बाजूला मुलीची नोकरी गेली. त्याचं तिला ऐकू आलं नाही आणि तिचं त्याला नाही. दोन्ही ऐकलं ते फक्त मी, आणि मला दळण्यापलीकडे काही येत नाही.

संध्याकाळी मालकांनी आनंदानं सांगितलं, "काकाजीले सांगून टाकलं. गाळा नको म्हून."

तनुजा डबे लावत होती. ती थांबली. "असं कसं सांगितलंत, बाबा? मला विचारायचं तरी."

"तुले काय इचारू? तुही नोकरी हाये ना."

तिनं हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाली, "उद्या बोलू. उद्या बंदच आहे."

"बोलू ना. दगडाले टाकी लावता लावता बोलू," मालक म्हणाले आणि शटर ओढलं.

माझा जन्म कोल्हापूरकडच्या एका कारखान्यात झाला. ओतीव लोखंडाचं अंग, आत दोन जाड दगड, वर धान्य टाकायचं पत्र्याचं तोंड आणि खाली पीठ सोडणारी कापडी बाही. रंग हिरवा होता. आता तो कुठे होता हेही शोधावं लागेल, पण माझे दगड उत्तम आहेत हे मी नम्रपणा सोडून सांगते.

माझी पहिली वर्षं स्वारगेटजवळ गेली. तिथल्या म्हाताऱ्या मालकानं धंदा बंद केला तेव्हा रंगनाथ मला न्यायला आले. ते त्या वेळी तरुण होते आणि भोसरीच्या एका कारखान्यात कामाला होते. तिथे त्यांना दर सात महिन्यांनी 'ब्रेक' मिळे. ब्रेक म्हणजे सुट्टी नव्हे, मित्रांनो. सात महिने काम केलं की घरी बसवायचं आणि पुन्हा नवा माणूस म्हणून भरती करायचं, म्हणजे कामगार कायमचा होत नाही. असे बरेच ब्रेक खाऊन झाल्यावर त्यांनी ठरवलं की आता असं काम करायचं, ज्याला कुणी ब्रेक देणार नाही. म्हणून त्यांनी मला घेतलं.

पण मला ठेवायला जागा हवी होती. ती श्यामसुंदर काकांनी दिली, अकरा महिन्यांच्या करारावर. आपल्याकडे भाड्याचे करार असेच अकरा महिन्यांचे असतात. अकरा महिने संपले की नवा करार. बाकीच्या गिरण्यांची पूजा वर्षातून एकदा, दसऱ्याला होते. माझी दोनदा व्हायची. दसऱ्याला एकदा, आणि करार नवा झाला की त्या संध्याकाळी एकदा. झेंडूचा हार घालून मालक माझ्या अंगावर थोपटत आणि म्हणत, "चल बाई, राहिलो." मला त्या दुसऱ्या हाराचा जास्त अभिमान वाटे.

सुरुवातीला आमच्याकडून एक मोठी चूक झाली. दळणाचा एक नियम असतो. गव्हावर गहू टाकायचा, ज्वारीवर ज्वारी. आधीचं थोडं पीठ दगडांत राहतंच, ते पुढच्याच्या डब्यात उतरतं. मालकांना हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते कर्वेनगरमधल्या उपवासांचं गणित. श्यामसुंदर काकांच्या पत्नीची उपवासाची भाजणी त्यांनी सरळ गव्हावर टाकली. काकूंनी एकादशीला थालीपीठ खाल्लं आणि मग त्यांना हे कळलं. त्या खाली आल्या.

"इंगोले, चाळीस वर्षांची एकादशी होती माझी."

मालक हात जोडून उभे राहिले. काका मागून म्हणाले, "जाऊ दे ग. पुण्य तुझं, पाप गिरणीचं. गिरणीला तसंही वर कोण विचारणार आहे?"

त्या दिवसापासून मालकांनी नवी पद्धत बसवली. गुरुवारी दगड उघडायचे आणि झिजलेल्या खाचा छिन्नीनं पुन्हा उठवायच्या. याला टाकी लावणं म्हणतात. टाकी लावली की दगडाची बारीक कच निघते, म्हणून शुक्रवारी आधी थोडं धान्य वाया घालवावं लागतं. सगळे त्यासाठी गहू वापरत. मालक वरी वापरू लागले, म्हणजे भगर. भगर उपवासाला चालते. ते पहिलं पीठ ते टाकून देत, आणि मग स्वच्छ दगडांवर सगळ्या कॉलनीची उपवासाची दळणं घेत. लांबलांबून लोक शुक्रवारी डबे घेऊन येत. काकूंनीही आपली एकादशी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतली आणि शेवटपर्यंत माझ्याशिवाय कुठे भाजणी दिली नाही.

तनुजा गव्हाच्या पोत्यावर बसून शिकली. तिची आई ती लहान असतानाच गेली होती, त्यामुळे शाळा सुटली की ती थेट माझ्याकडे येई. माझा आवाज चालू असताना ती वाचे. मी बंद झाले की तिचं वाचन अडखळे. गुरुवारी ती बापासमोर बसून टाकी लावताना पाहत राही. कॉलेजला गेली, इंजिनिअर झाली, हिंजवडीच्या एका कंपनीत लागली. त्या दिवशी मालकांनी रांगेतल्या प्रत्येकाच्या डब्यावर एक पेढा ठेवला. "आमच्या घरातली पहिली पर्मनंट," ते सांगत होते.

ती पर्मनंट नव्हती. तिला कंपनीत बसायला खुर्ची होती, पण पगार मधला एक ठेकेदार देत होता आणि करार अकरा महिन्यांचा होता. हे तिला पेढे वाटून झाल्यावर सांगवेना. पुढे दर वर्षी करार वाढल्याचा फोन ती माझ्या मागे उभी राहून घेई, एक मोठा श्वास सोडी आणि पुढे येऊन डबे उचलू लागे. बापाच्या कराराला मला हार मिळत होता. तिच्या कराराचं मी कुणाला सांगितलं नाही.

मधल्या काळात आमची गल्ली बदलली. शेजारची बिल्डिंग पाडून तिथे मोठा टॉवर झाला. जुन्या बिल्डिंगला सीताराम नावाचा वॉचमन होता. कुठला डबा कुणाचा हे त्याला झाकणावरून कळे. टॉवर झाला तेव्हा वॉचमन एजन्सीकडून आले. सीतारामनं त्याच एजन्सीत नाव घातलं, पण एजन्सीनं त्याला आधी बाणेरला पाठवलं, मग वाघोलीला. टॉवरच्या गेटवर दर थोड्या दिवसांनी नवा चेहरा दिसू लागला. कुणाला कुणाचं नाव माहीत होईपर्यंत माणूस बदललेला असे.

टॉवरमध्ये तरुण मुलं-मुली भाड्यानं राहायला आली. एकेका फ्लॅटमध्ये चार-चार जण. त्यांच्यामुळे गल्लीतली भाडी वाढली, असं जुने लोक म्हणत, आणि ते खरंही होतं. त्यांच्याकडे डबे नव्हते. त्यांचं पीठ पिशवीत बंद होऊन दहा मिनिटांत स्कूटरवरून येई. मला त्यांचा राग यायचा. मग एकदा सलिल नावाचा मुलगा ज्वारीचं गाठोडं घेऊन आला.

"काका, आईनं नांदेडहून पाठवलीय. हे द्यायचं कसं असतं? म्हणजे ऑर्डर कशी करायची?"

"ऑर्डर नाही करत बापू. डबा आन," मालक म्हणाले.

"डबा नाहीये."

मालकांनी त्याला आमचा एक डबा दिला. तो महिन्याच्या महिन्याला येऊ लागला. पोत्यावर बसून तनुजाशी बोले. त्याचंही काम करारावर होतं. वर्ष भरायच्या आत ते संपलं आणि तो डबा धुऊन, पुसून, परत देऊन निघून गेला. तेव्हा माझा राग गेला. ज्यांच्या येण्यानं आमच्या गल्लीतून माणसं उठली, त्यांनाही पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे माहीत नव्हतं. जागा महाग होत होती आणि कामं कच्ची होत होती, आणि माझ्या गाळ्यातून ती दोन्ही एकाच दारानं येताना दिसत होती.

गोदाबाई अशाच उठल्या. त्या मूळच्या परभणीच्या, मेसमध्ये आणि घरोघरी पोळ्या लाटायच्या. भाडं झेपेना म्हणून त्या कात्रजला राहायला गेल्या. पण काम इथेच होतं, त्यामुळे त्या रोज बसनं यायच्या, आणि आठवड्यातून एकदा गव्हाचा डबाही बसनंच घेऊन यायच्या.

"गोदाबाई, कात्रजले गिरण्या नाहीत का?" मालक विचारत.

"हायेत की. पण भाऊ, तुमच्या पिठाची पोळी फुगती. तिथल्या पिठाची नुसतीच गरम हुती."

मालक दिवसभर हे वाक्य रांगेतल्या लोकांना सांगत. तसे ते कुणाला स्वतःचं कौतुक सांगत नसत. पण हे माझं कौतुक आहे असं ते धरत.

आता तो गुरुवार.

वीज गेली होती. मालकांनी माझा वरचा दगड साखळीनं उचलून उलटा ठेवला आणि छिन्नी घेऊन बसले. तनुजा पोह्यांचा डबा आणि चहा घेऊन आली. ती त्यांच्यासमोर खाली बसली. अर्ध्या दगडाला टाकी लागून झाली होती.

"बोल, काय म्हनत होती?" मालकांनी विचारलं.

ती म्हणाली, "बाबा, माझ्या नोकरीचं..."

छिन्नी खाली पडली. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि माझ्या अंगाला टेकले. तनुजानं हाका मारल्या, शेजारी धावले, रिक्षा आली. पण ते गेले, हे माझ्या अंगावरच्या त्यांच्या वजनावरून मला आधीच कळलं होतं. तिचं वाक्य पूर्ण व्हायचंच राहिलं.

शुक्रवारी उपवासाचे डबे घेऊन लोक आले आणि बंद शटरपुढे उभे राहिले. डबे हातात धरून सगळे तसेच बराच वेळ उभे होते आणि मग एकेक करून परत गेले.

बरेच दिवस मी उघड्या दगडानं पडून होते. मग एके दिवशी तनुजानं शटर वर केलं. श्यामसुंदर काका काठी टेकत आले.

"गिरणीचं काय करणार आहात?" त्यांनी विचारलं. "भंगारवाला पाठवू का, असं आमचे चिरंजीव विचारतायत. मी त्याला म्हटलं, आधी तुलाच भंगारात पाठवतो."

तनुजाला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं असावं. ती म्हणाली, "चालवणार आहे, काका."

"तुम्ही? इथे तर आता जागा..." काका खाली बघत म्हणाले, "रंगनाथरावांनी मला माझ्या शब्दातून मोकळं केलं हो. मी मोकळा झालो. व्हायला नको होतं."

तिनं त्यांना बसायला पोतं दिलं आणि बापाची छिन्नी उचलली. काकांच्या देखतच तिनं राहिलेल्या अर्ध्या दगडाला टाकी लावायला घेतली. पहिले घाव वाकडे पडले. मग हात बसला. मित्रांनो, आज माझ्या एका दगडावर दोन हातांच्या खाचा आहेत. अर्ध्या सरळ, अर्ध्या जरा तिरक्या. दळताना दोन्ही सारख्याच लागतात. मला या दगडाचा जितका अभिमान आहे, तितका कोल्हापूरच्या कारखान्यातून नवी कोरी निघाले तेव्हाही नव्हता.

मी तुम्हाला दुसरं काय सांगू? तुम्ही ज्यांच्या हातचं रोज खाता, ज्यांनी उघडलेल्या गेटमधून रोज आत येता, त्यांना नावानं ओळखा. आणि अधूनमधून विचारा, पुढच्या वर्षी इथे आहात ना? लोखंडाला तेल लागतं, दगडाला टाकी लागते. माणसाला निदान एवढा प्रश्न तरी लागत असेल. आणि घरात कुणाला काही सांगायचं असेल तर गिरणी बंद व्हायची वाट पाहू नका. आवाजातच, ओरडून सांगा.

जागा गोदाबाईंनी शोधली. कात्रजमध्ये त्यांच्या घराजवळ दत्तोबांची एक पत्र्याची शेड होती. दत्तोबा तिथले जुने गावकरी. करार करण्याआधी मशीन आणि माणूस दोन्ही बघायचं म्हणून ते गोदाबाईंबरोबर आमच्या गाळ्यात आले. आधी त्यांनी मला सगळीकडून पाहिलं.

"लई जड हाय. माझी भिंत हादरंल का?"

"ती भिंतीला टेकत न्हाई. तिला मानूस लागतंय टेकायला," गोदाबाई म्हणाल्या.

"आन चालवनार कोन?"

"मी," तनुजा म्हणाली. "आणि गोदाबाई."

दत्तोबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. तिचा चष्मा, खांद्यावरची लॅपटॉपची बॅग. "ताई, राग मानू नका. पन गिरनी चालंल, न चालंल. उद्या भाडं थकलं तर मी कुनाकडं बघायचं? तुमी नोकरी करता म्हनं. पर्मनंट हाय न्हवं?"

गोदाबाईंनी घाईनं तोंड उघडलं. हो म्हणणं सोपं होतं. इतकी वर्षं तनुजानं तेच केलं होतं.

तिनं माझ्यावर हात ठेवला, आणि दत्तोबांना ऐकू जायला लागेल त्याहून मोठ्या आवाजात बोलली.

"नाही. मी कधीच पर्मनंट नव्हते. अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर होते, आणि आता तोही संपला. बाबांना मी हे सांगितलं नाही. त्यांनी माझ्या भरवशावर ही जागा सोडली. तेही कधी पर्मनंट नव्हते. आधी सात महिन्यांवर होते, मग अकरा. तेवढ्यावर त्यांनी घर चालवलं, मला शिकवलं, आणि कुणाची एकादशी पुन्हा मोडू दिली नाही. हे कसं केलंत, बाबा, एवढं मला विचारायचं होतं. ते राहिलं. दत्तोबा, मी रंगनाथ इंगोल्यांची मुलगी आहे. याहून पक्कं माझ्याकडे काही नाही."